चौथीच्या वर्गाची सभा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज डी.एड.च्या वर्गात पुन्हा तोच प्रश्न — “मॅडम, लोकशाही परीक्षेला येणार का?” म्हटलं, परीक्षेला नाही आली तरी उद्या तुमच्या वर्गात येईल, तेव्हा काय कराल? कोणी हसलं नाही. उलट माना खाली घालून ते वाक्य उतरवून घेतलं! उद्याचे प्राथमिक शिक्षक हे. डोकं कुठे आपटायचं?

४ नोव्हेंबर

प्राचार्यांनी माझे दोन तास काढून गणिताला दिले. “नागरिकशास्त्र काय, वाचून समजतं.” न विचारता! वेळापत्रक थेट भिंतीवरच. घरी येऊन तणतण केली. हे म्हणाले, “मतदान घ्यायचं होतंस.” यांना विनोद सुचतात.

६ नोव्हेंबर

सराव पाठ बघायला शेजारच्या शाळेत. आमच्या वर्गातला मिशीवाला तिसरीपुढे शिकवायला उभा. “लोकशाही म्हणजे काय?” मुलं एका सुरात — “लोकांचं राज्य!” मी मागून विचारलं, लोक म्हणजे कोण रे? एक चिमुरडी उठली. “मोठी माणसं.” मिशीवाला म्हणतो, “शाब्बास!”

शाब्बास!!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईचा पाठ त्याच शाळेत, चौथीवर. ही सगळ्या वर्गाची ताई — दोन लेकरांची आई, लग्नानंतर शिकायला आलेली, तासाला कधी तोंड उघडत नाही. मी काही आशा ठेवून गेले नव्हते.

तिने पुस्तक मिटून ठेवलं. सतरंजीवर मुलांमध्येच बसली. “शाळेतलं काय बदलावंसं वाटतं? प्रत्येकानं बोलायचं, आणि दुसऱ्याचं ऐकायचं.” आधी खो-खो, मग सुट्टी, मग ‘गणित नको’. हसाहशी. मग एक मुलगी म्हणाली, “मुलींच्या संडासाला दिवसभर कुलूप असतं.” दुसरी म्हणाली, “म्हणून आम्ही पाणीच पीत नाही.” सगळ्यांचे हात वर, मुलग्यांचेसुद्धा! ठरलं — दोघींनी मुख्याध्यापिकांकडे जाऊन किल्ली मागायची. ताई एवढंच म्हणाली, “आधी विचारा, कुलूप का लावतात.”

इतक्या वर्षांत असा पाठ पाहिला नव्हता. घरी येताना एकटीच हसत होते रस्त्यानं.

१० नोव्हेंबर

हसू पुरतं उतरलं. मुख्याध्यापिकांनी त्या दोघींना हाकलून लावलं आणि प्राचार्यांना फोन — “तुमच्या विद्यार्थिनी आमच्या मुलांना चिथावणार असतील तर सराव पाठाला दुसरी शाळा बघा.” दुसरी शाळा कुठून आणायची? प्राचार्य माझ्यावरच — “तिला नापास करा. आणि माफी मागायला न्या.”

मग मी ताईवर! कशाला हे नसते उद्योग? नोकरी लागू दे, मग कर काय ती क्रांती. ती म्हणाली, “मॅडम, मुलींना लघवीला जायचं होतं. क्रांती कुठली?”

इतका संताप आला मला. तिचा, की माझाच, देव जाणे.

१२ नोव्हेंबर

गेलो माफी मागायला. मुख्याध्यापिका टेबलाशी, बाह्या वर सरकवलेल्या, हाताला फिनेलचा वास. खुर्चीसुद्धा दिली नाही. मीच सुरुवात केली — “चूक झाली, लहान तोंडी मोठा घास...” तेवढ्यात ताई म्हणाली, “बाई, हात भाजलाय का तुमचा?”

बाईंनी हात मागे घेतला. मग एकदम फुटल्याच. सफाईवाली तीन शाळांत मिळून एक, आठवड्यातून एकदा उगवते. बाकीचे दिवस मुलग्यांचा संडास ह्या स्वतः घासतात, शाळा भरण्याआधी, दार लावून. आज अॅसिड उडालं. “मुलींचं कुलूपही काढलं तर रोज किती घासू मी? वर चार वेळा कळवलं. कोण विचारतं?”

ताई म्हणाली, “हे मुलांना सांगितलंत?”

“मुलांना? कशाला? हसतील मला.”

“नाही हसणार. चला, मी येते.”

आणि बाई गेल्या! चौथीच्या वर्गात उभ्या राहून सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. किल्ली मागायला गेलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, “मग बाई, तुम्ही आणि आम्ही मिळून मागू या ना सफाईवाली.”

१३ नोव्हेंबर

ताईला पास केलं. चांगल्या गुणांनी. प्राचार्य बोलत नाहीत माझ्याशी. बरंच आहे, शांतता आहे!

२० नोव्हेंबर

वर शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायचा मुलांचा अर्ज तयार. ‘आमच्या शाळेला रोज सफाईवाली द्यावी.’ ‘सफाईवाली’ तीन तऱ्हांनी लिहिलंय, मिशीवाला दुरुस्त करायला निघाला होता, मी दटावलं. हो, तोही आला होता, आपण होऊन! किल्ली तूर्त चौथीच्या वर्गात खिळ्याला टांगलीय, पाणी ओतायच्या पाळ्या मुलगे-मुली दोघांच्या. बाई रोज दोनदा डोकावून कुरकुरतात. पण मुली पाणी पितात.

मोठ्या माणसांच्या सह्या हव्या होत्या. बाईंनी पहिली केली, ठसठशीत. मग माझी. हे म्हणाले, “जपून हं.” म्हटलं, अहो, सफाईवाली मागतोय, राज्य नाही.

माझ्या तासाला आज तिघांनी प्रश्न विचारायला हात वर केले. परीक्षेबद्दल एकानंही विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मुख्याध्यापिकांची बदली झाली. लांब, टेकडीपलीकडच्या शाळेत. कारण लिहिलेलं नाही. अर्ज वर पोचला, सफाईवाली आली नाही.

ताई दारात उभी होती — “मॅडम, उद्या चौथीवर तास आहे. मुलांना काय सांगू?”

खरं ते सांग, म्हटलं. मीही येते.