शेवटच्या प्रकरणाला लावलेलं रबर

प्रिय बारके,

पत्र बघून आधी तू घाबरली असशील. काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे, दोन वेळा नीट जेवते, आणि पाय इतका बरा आहे की काठी दाराआड उभी राहून धूळ खाते आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर इथला फोन म्हणजे जाहीर सभा. सूनबाई नंबर लावून देते, स्पीकर सुरू करते आणि तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसते. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? पत्रात मुकाट ऐकावं लागतं. शेवटचं पान दुमडून त्याला रबर लावलंय, ते बघितलंच असशील. खबरदार आधी उघडशील तर! नियम तुला माहीत आहे.

बाबा वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक आणायचे, आणि ते खुनाचंच लागायचं. दुसरं काही आणलं की आपण दोघी तोंडं वाकडी करायचो. मी थोरली, म्हणून पहिला मान माझा. वाचून झालं की जेवताना मी हळूच तुझ्या कानात खुन्याचं नाव सांगायचे आणि तू भोकाड पसरायचीस. शेवटी बाबांनी कायदाच केला. जी आधी वाचेल तिने शेवटच्या प्रकरणाला रबर लावायचं, आणि दुसरीने खुन्याचं नाव मोठ्याने घेतल्याशिवाय ते काढायचं नाही. मी आपलं एक साधं रबर अडकवायचे. तुझा मात्र माझ्यावर काडीचा विश्वास नाही. तू दोन लावायचीस, एक उभं, एक आडवं, फुलीच्या टाक्यासारखं. बाबा तेव्हाच म्हणाले होते, ही पोरगी शिवणकामात नाव काढणार. पुढे आपली लग्नं झाली, केस पिकले, तरी पुस्तकांची देवाणघेवाण आणि रबरं काही सुटली नाहीत. हे होते तोवर कुरकुरायचे, की या घरात दुधाच्या पिशवीला लावायला औषधालाही रबर सापडत नाही, सगळी मेली त्या प्रेतांच्या मागे.

इथलं सांगते. मी पडल्यावर चिरंजीवाने मला इथे त्याच्याकडे आणलं ते पाय बरा होईपर्यंत. तेव्हा खिडकीखालच्या झाडाला पान नव्हतं, आता त्याची सावली समोरच्या दुकानाच्या पाटीवर पडते. सातवा मजला आहे, उजेड भरपूर आहे, माझी खोली स्वच्छ आहे. चिरंजीव सकाळ-संध्याकाळ प्रेशर मोजतो. सूनबाई भाजीत मीठ कमी घालते आणि मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही तीच भाजी खाते. आता अशा मुलीवर रागवायचं कसं, सांग बघू! न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली, माझ्याच काळजीने. गॅसला मी हात लावायचा नाही, माझ्याच काळजीने. बाहेरच्या दाराला आतूनही नंबर दाबूनच उघडायचं कुलूप बसवलं आणि नंबर मला सांगितला नाही, तेही काळजीनेच. घरी कधी जायचं असं विचारलं की चिरंजीव माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, बघू गं आई. मला आता त्या 'बघू'ची धास्ती वाटते. बारके, माझा इथे जीव घुसमटतो. कुणी वाईट वागत नाही आणि माझा जीव घुसमटतो, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

खुनाच्या गोष्टी तर बंदच. प्रेशर वाढतं म्हणे! टीव्हीवर तसलं काही लागलं की चिरंजीव रिमोट घेतो आणि समुद्रातले मासे लावून देतो. म्हणतो, हे बघ, मन शांत होतं. परवा त्यात एका मोठ्या माशाने लहान मासा गिळला, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. मी म्हटलं, याचा तपास कोण करणार रे? सूनबाई हसली, तो नाही हसला.

पण देव अगदीच झोपलेला नसतो. दुपारी मला सांभाळायला एक मावशी येतात. मी पहिले काही दिवस त्यांच्याशी जपून होते, ही चिरंजीवाची हेर असणार म्हणून. मग एक दिवस ही दोघं कामावर गेल्यावर मावशींनी स्वतःच रिमोट घेतला आणि तपासाची मालिका लावली. बाई पक्की निघाली! पहिल्या जाहिरातीच्या आत त्या खुनी ठरवून मोकळ्या होतात, आणि त्यांचा खुनी कायम डॉक्टर. गोष्टीत डॉक्टर नसला तर म्हणतात, थांबा, येईल. मी त्यांना शिकवलं, की पहिल्याच भागात ज्याच्यावर संशय येतो त्याला सोडून द्यायचं, आणि जो मदत करतोय, चहा आणून देतोय, विचारपूस करतोय, त्याच्यावर नजर ठेवायची. त्यावर त्या म्हणाल्या, मग तुमच्या घरात सगळ्यांवरच ठेवायला हवी. हसता हसता ठसका लागला मला. त्या दुपारच्या तासाभरात मी माणसात असते. एकीने 'अगं बाई, बायको होती!' म्हणून मांडीवर थाप मारायची आणि दुसरीने 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणायचं, यातलं सुख तुला निराळं सांगायला नको.

एक मात्र माझ्या लक्षात आलंय. बंद खोलीतल्या खुनाच्या गोष्टी आपल्याला सगळ्यात लाडक्या, हो ना? दार आतून बंद, खिडक्या बंद, आणि सगळे डोकं खाजवतायत की खुनी बाहेर पडला कसा. आपणही तीच काळजी करायचो. आत राहिलेल्याचं कुणी विचारतच नाही. त्याने बाहेर कसं पडायचं?

म्हणून मी कामाला लागले. कुलपाच्या बटणांवर सकाळी बोटाने जराशी पावडर लावून ठेवली. चिरंजीव बाहेर पडला आणि मी बघायला गेले, तर मोजक्याच बटणांवरची पावडर पुसलेली. आकडे बघून मला उमगायला वेळ लागला नाही. माझीच जन्मतारीख गं! आईला कोंडायला आईचीच जन्मतारीख. विसरू नये म्हणून पोराला सोपा नंबर हवा होता, एवढंच असेल, पण मला त्या दारापाशी रडू आलं. दुपारी मावशींचा डोळा लागल्यावर मी नंबर दाबला. दार उघडलं. मी चपला घालून, पर्स खांद्याला लावून लिफ्टपर्यंत गेले, लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, आणि मी तिथेच उभी राहिले. जायचं कुठे? माझ्या घराची चावी माझ्याकडे नाही. एक चिरंजीवाने नेली, खिडक्या उघडून घर हवेशीर ठेवायला म्हणून. दुसरी तुझ्याकडे, आणि ती तुझ्याकडून हरवली, असं तूच फोनवर सांगितलंस. लिफ्ट रिकामीच खाली गेली. मी परत आले, दार लावलं आणि मावशींना उठवून चहा करायला लावला. खरं कुलूप त्या दाराला नव्हतंच.

त्यानंतर आठवडाभरात चिरंजीव एक खोकं घेऊन आला. माझी पुस्तकं! मी इतके दिवस मागत होते तर बंदी, आणि आता न मागता अख्खं खोकं? तुला म्हणून सांगते, मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. पुस्तकांच्या तळाशी माझं रेडिओवरचं विणलेलं झाकण होतं आणि दाराची पाटी होती. पाटी कुणी उगाच काढत नाही. जेवताना मी सरळ विचारलं आणि पोराने ताटाकडे बघत सांगून टाकलं. पहिल्या तारखेपासून माझ्या घरात भाडेकरू येणार आहेत. चांगली माणसं आहेत म्हणे. म्हणजे पाय बरा होईपर्यंत ही गोष्ट संपली, आता मी इथली कायमची.

तेव्हा मी तपास हाती घेतला. कारण एक गोष्ट मला पटत नव्हती. आपला चिरंजीव लहानपणापासून असा, की दोन शर्टांतला कुठला घालू हेही दुसऱ्याला विचारणार. एवढा मोठा निर्णय त्याचा एकट्याचा असूच शकत नाही. मग कुणाचा? सूनबाई पहिली संशयित, म्हणून तिला मी आपल्या नियमाने आधी सोडलं, पण नीट चौकशीही केली. भाडेकरूंचा विषय निघाला तेव्हा तिचेच डोळे भरले होते. ती हळूच म्हणाली, की आई, मी म्हटलं होतं यांना, तुम्हाला एकदा विचारून तरी बघू. मावशी तर निर्दोषच, त्यांनी परस्पर डॉक्टरांना आरोपी केलं. डॉक्टरांनी मात्र माझ्यासमोर सांगितलंय की जिने चढा, बाजारात जा.

मग चिरंजीवाच्या बोलण्यावर कान ठेवला. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, माणूस स्वतःचं बोलतोय की कुणी शिकवलेलं, हे मला श्वासावरून कळतं. मी म्हटलं, अरे मी एकटी राहीन, मला सवय आहे. तर तो म्हणाला, आई, पडल्यावर भिंत हात देत नाही. बारके, हे वाक्य त्याचं नाही. तो असं बोलतच नाही. पूर्वी हे कुणाच्या तोंडून ऐकलं, ते आठवताच मी उठले, खोक्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक हातात घेतलं आणि मागून-पुढून निरखलं. आता माझा तपास पूर्ण झालाय. पुढचं पान उघडायच्या आधी नाव घे. मोठ्याने. खोलीत कुणी नसलं तरी घे.

घेतलंस? तुझंच घेतलंस ना? वरचं पुस्तक म्हणजे मी पडले त्या सकाळी अर्धं वाचून खुर्चीवर पालथं ठेवलेलं, नवंकोरं. ते माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्या शेवटच्या प्रकरणाला दोन रबरं होती, एक उभं, एक आडवं. चावी हरवली म्हणालीस, त्या दिवसानंतर तिकडे फिरकलेच नाही म्हणालीस, भाच्याला शपथही घातली असशील की माझं नाव सांगू नकोस. सगळं जमवलंस गं, पण पुस्तक वाचून झाल्यावर शेवट उघडा टाकून उठणं काही तुला जमलं नाही! आता माझा राग ऐक. मला फार राग आलाय. मला न विचारता तू माझं घर बंद केलंस, असं माझ्याशी आयुष्यात कुणी वागलं नव्हतं. पण त्या सकाळी मी फोन उचलला नाही म्हणून धावत येऊन, तुझ्या चावीने दार उघडून, न्हाणीघराच्या फरशीवर मला पडलेली पहिली तू पाहिलीस, हेही मी विसरलेले नाही. जन्मभर आपण फरशीवरची प्रेतं मिटक्या मारत वाचली, आणि त्या सकाळी तुला वाटलं की समोरचं प्रेत आपल्या ताईचं. तेव्हा तुझं काय झालं असेल ते तू मला कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आणि ते पुस्तक जाडजूड आहे, एका बैठकीत व्हायचं नाही. म्हणजे तू तिकडे पुन्हा पुन्हा गेलीस, माझ्या खुर्चीत एकटीच बसलीस. बारके, मी इथे कोंडलेली आणि तू तिथे, हा कुठला शहाणपणा? म्हणून हे पत्र. मावशी ते स्वतः पेटीत टाकणार आहेत. रविवारी सकाळी दोघं घरी असतात, तेव्हा चावी घेऊन ये. आपल्या गोष्टींत शेवटी बसवतात तसं सगळ्यांना हॉलमध्ये बसवू. चावी टेबलावर ठेव आणि चिरंजीवाला स्वतःच्या तोंडाने सांग, की भाडेकरूंना नाही म्हण आणि ताईला घरी जाऊ दे. मी सांगितलं तर तो म्हातारीचा हट्ट होतो. तुझं तो ऐकेल, आजवर तुझंच तर ऐकत आलाय. मागची खोली रिकामी आहे. भीती वाटत असेल तर तुझं शिलाई मशीन घेऊन तूही तिथेच ये, भिंत हात देत नाही हे मला मान्य आहे. पुस्तकाची रबरं मी काढलेली नाहीत. त्यातला खुनी मला ओळखता आला नाही, बाई, सगळं डोकं माझ्याच खटल्यात गेलं. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसले की तुझ्यासमोर नाव घेईन. चुकलं तर हसायला तू हवीस.

रागावलेली, वाट बघणारी, तरी तुझीच,
ताई