सिनेटची चौथी खेप

पुंगोल, सिंगापूर
१ ऑक्टोबर २०१७

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आईचा फोन झाला आणि माझं डोकंच फिरलं. विद्यापीठाच्या सिनेटला यंदा पदवीधरांतून उभं राहणार नाही म्हणता? दोन वर्षं रखडलेली निवडणूक एकदाची लागली, आणि तुम्हाला आत्ता वय आठवलं! अहो, २००० ला एकशे बारा मतं, २००५ ला चारशे सात, २०१० ला शेवटच्या फेरीत फक्त एका मताने पडलात. चढतीच आहे की! इथे गेल्या महिन्यात राष्ट्राध्यक्षांची निवड बिनविरोध झाली. मतदानाची सुट्टी हुकली म्हणून तुमचे जावई अजून हळहळताहेत.

आता खरं सांगते, रागवा हवं तर. ते एक मत मीच घालवलं. माझं पहिलंच मतदान, आनंदाने नुसती वेडी झाले होते. तुमच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा १ लिहिला आणि शेजारी लिहून टाकलं, 'माझे बाबा'. आकड्याशिवाय काहीही लिहिलं की मत बाद, हे बाहेर आल्यावर कळलं. सात वर्षं हे गिळून बसलेय, बाबा. उभे राहा ना! मी तिकीट काढलंय, मत द्यायला येतेय.

तुमची चार वर्षांची नात उल्का इथल्या इंग्रजीत फर्मावते, आजोबा मस्ट विन लाह. माझे कान उपटा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
भावना

परभणी
१२ ऑक्टोबर २०१७

चि. भावना हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आई वाचून आधी रडली, मग माझ्यावर ओरडली की आता तरी फॉर्म भरा. काल भरला.

अगं वेडे, मला ठाऊक होतं! बाद मतं उमेदवारांना दाखवतात. जन्मभर ग्रंथालयात काढलेल्या माणसाला पोरीचं अक्षर ओळखू येणार नाही होय? अधिकाऱ्यांनी विचारलं, हरकत आहे का. मी म्हणालो, नियम तो नियम, बाद करा. एका मतानेच पडेन असं तेव्हा कुठे माहीत होतं! आणि धरलं असतं तरी बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकली असती. माझं नशीब बघता चिठ्ठीतही पडलोच असतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तुला कळलं तर जिवाला लावून घेशील म्हणून गप्प बसलो, आणि तू तिकडे कुढतच होतीस. चुकलं माझं.

ये. पण या खेपेला हात आवर! जावयांना जयभीम, उल्काला गोड पापा.

तुझे बाबा

पुंगोल, सिंगापूर
२९ नोव्हेंबर २०१७

माननीय सिनेट सदस्य बाबा,
जयभीम, जयभीम, जयभीम!

मत देऊन परतले, आणि निकालाचा फोन आला तेव्हा मी इथल्या एलआरटी गाडीत होते. अशी किंचाळले, की शेजारच्या चिनी आजींच्या हातून भाजीची पिशवीच पडली. वाकून बटाटे गोळा करता करता त्यांना सांगितलं, माझे वडील निवडून आले. सिनेट म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, टाळ्या मात्र वाजवल्या. जावयांनी लिटल इंडियातून जिलबी आणून सगळ्या मजल्यावर वाटली. उल्का तर लिफ्टमध्ये भेटेल त्याला बातमी देतेय.

एवढंच सांगा, मोजताना माझं मत दिसलं का? फक्त १ लिहिला, आणि पेन लगेच टेबलावर ठेवलं. न जाणो, हात पुन्हा शिवशिवायचा! उत्तर लवकर धाडा, एवढा लोभ करा.

तुमची,
भावना

परभणी
८ डिसेंबर २०१७

चि. भावना हिस अनेक आशीर्वाद.

पेढे संपले, हार सुकले, तुझी आई अजून गल्लीभर मिरवतेय. उल्काला सांग, आजोबांनी हुकूम पाळला.

मतमोजणी दोन दिवस चालली. दोन्ही दिवस मी जाळीपलीकडे बसून होतो, तुझं मत शोधत. ओळखू येईना. नुसता १, चारचौघांसारखा. मग म्हटलं, माझ्या नावापुढचा जो १ येईल तो भावनाचाच. असे सहाशे एकतीस आले, पोरी.

तुझे बाबा