शेवटचा दोडका

वलगाव, कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. सिंधूस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईमागे शेताचं हे पहिलं वर्ष. ज्वारी बरी आहे, तूर फुलली, म्हैस व्याली. तरी जिवाला चैन नाही.

दिवाळीत तू वेलावरचा शेवटचा दोडका तोडून भाजी केलीस. तुला न्यायला आलेले तुझे सासरे जेवायला बसले होते, आणि त्यांच्यासमोर मी ओरडलो, "मायच्या हातचं बी खाऊन टाकलं तुनं! आता काय पेरू मी?"

तू एवढंच म्हणालीस, "बाबा, त्याले चिंधी नोती जी."

बियाण्याच्या फळाला चिंधी बांधली की कोणी ते तोडत नाही. ते काम दरवर्षी तुझी आई करायची. यंदा मी विसरलो. तू बोललीस तेव्हाच मला ते उमगलं, तरी मी गप्प राहिलो आणि तू न जेवता गेलीस.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू ते एकटीच वाचशील आणि कोणाला दाखवणार नाहीस. बोल मात्र मी सासऱ्यांसमोर लावला. म्हणून बुधवारी तुझ्या सासरी वरूडला येतो आणि चूक माझी होती, हे त्यांच्यासमोरच सांगतो. माझी जीभ अडखळली तर तू मधे बोलू नकोस. मला पुरतं सांगू दे.

तुझा बाप,
उत्तमराव