मधलं नाव

तीर्थरूप बाबा,

आज देवासहून कॉलेज आटोपून तुम्ही धारला घरी आलात आणि चपला काढायच्या आधीच विचारलंत, "इंटरव्ह्यू कसा झाला?" मी म्हटलं, "ठीक." तो ठीक झाला नाही.

आपल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला तुम्ही एकटेच उरलात, म्हणून सेकंड इयरनंतर पुण्याला उन्हाळी प्रशिक्षणासाठी जायला शिफारसपत्रही तुमचंच लागलं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, शिफारस करणारे नातेवाईक आहेत का? 'हो' म्हटलं तर अर्ज बाद होईल या भीतीनं मी 'नाही'वर टिक केलं. आणि वर आपल्या मराठी घरच्या सवयीनं माझं नाव तुमच्या नावासकट पूर्ण टाइप केलं. इथे मध्य प्रदेशात वर्गात कुणीच वडिलांचं नाव मध्ये लावत नाही, मलाही ते गाळता आलं असतं, हे लक्षातच आलं नाही.

आज इंटरव्ह्यू घेणाऱ्या, स्क्रीनवरच्या मॅडम मराठी निघाल्या. म्हणाल्या, "आडनाव एक असू शकतं. पण तुमचं मधलं नाव शरच्चंद्र, आणि शिफारस करणाऱ्या सरांचं नावही शरच्चंद्र?"

मी म्हटलं, "योगायोग आहे, मॅडम."

त्या समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून पुढचा प्रश्न विचारला.

जेवताना मी विचारलं, "पत्रात काय लिहिलं होतंत?"

"पहिल्याच ओळीत लिहून टाकलं बेटा, ही माझी मुलगी आहे, तेव्हा माझं कौतुक जरा कमीच धरा." आणि तुम्ही मला आणखी एक पोळी वाढलीत.

सोमवारी निकाल आहे. यादीत नाव नसलं तर तुम्ही म्हणाल, माझ्याच पत्रानं पोरीचं नुकसान झालं. तेव्हाही मी गप्प बसेन का, हे मला अजून कळत नाही.

तुमची मुलगी,
कृतिका