गिरणीत वाचलेलं कार्ड

पाथर्डी, ९ जानेवारी १९७२

ती. छबूमावशीस मुक्ताचा कृ. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून लपवलं होतं. आता गावभर झालंय म्हणून लिहिते. मागच्या महिन्यात मॅट्रिकच्या फॉर्मचं निमित्त करून मी एकटीच नगरला आले होते. कोपराजवळच्या फिकट चट्ट्याला सुई टोचली तरी कळत नव्हतं. तू नर्स आहेस त्याच दवाखान्यात आले, पण तुझी ड्यूटी संपल्यावर. डॉक्टर म्हणाले, महारोग आहे, पण सुरुवातच आहे, गोळ्यांनी बरा होईल. घरी कळवणार नाही, असा त्यांनी शब्द दिला.

आणि परवा वडिलांच्या नावाने उघडं कार्ड आलं, खाली सही नसलेलं. त्यांना वाचता येत नाही. पोस्टमनने ते पिठाच्या गिरणीत दिलं आणि गहिनीनाथ गिरणीवाल्याने पट्टा थांबवून मोठ्याने वाचलं. दळणाला आलेल्या बायका माझ्या कोपराची चौकशी करत घरापर्यंत आल्या. शिसारी आली मला.

आईने ते कार्ड चुलीत घातलं. आता तुझं ताट येगळं हाय, म्हणते. शाळा बंद. वडिलांनी गोळ्या उकिरड्यात फेकल्या, कुणाला दिसायला नकोत म्हणून. मी पुडी हुडकली, वरचं शेण पुसलं आणि रोज चोरून घेते.

त्या डॉक्टरला तू जाब विचार. तुझा लोभ आहेच, तो आता कामी यावा.

तुझी मुक्ता


नगर, १४ जानेवारी १९७२

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी शब्द पाळला. कार्ड मी टाकलं. केसपेपर लावताना तुझं नाव दिसलं. पोरीचं लग्नाचं वय, आईबापांना कळायला नको का, एवढंच डोक्यात आलं. तुझ्या बारशापासून सगळं कार्डावरच कळवत आले आणि ते गिरणीतच वाचलं जातं हेही मला ठाऊक होतं. रोग्यांच्या जखमा धुताना मी कधी नाक धरलं नाही. आज माझ्याच हाताची किळस येते.

पुढच्या रविवारी येते, भाऊजींना समजावते. लोभ मागायला तोंड नाही.

तुझी मावशी


पाथर्डी, १९ जानेवारी १९७२

मावशीस नमस्कार.

मुद्दाम कार्डच लिहिते आहे. तुमच्या दवाखान्यात टपाल आधी शिपाई वाचतो, मग मेट्रनबाई. रोग्याचे केसपेपर बघून घरी कळवणारी नर्स आपल्याकडे आहे, हे त्यांनाही कळू दे.

रविवारी येऊ नकोस. गोळ्या संपत आल्यात. डॉक्टरांकडे मीच येईन, तू रजेवर असशील त्या दिवशी. तो वार तेवढा कळव. बंद पाकिटात.

लोभ पुरे व्हावा, ही विनंती.

मुक्ता