एकशे सहा टक्के

प्रिय लंबू,

संचालकांना या नावाने हाक मारणारा कॉलेजातला मी एकटाच उरलो आहे. आज शेवटची मारतो. काल तुझा शिपाई निरोप घेऊन आला, "साहेब म्हणतात, तेवढा आकडा जरा वर सरकवा." उत्तर लेखी देत आहे.

आपल्या खात्याचे उद्दिष्ट दर वर्षी का चुकते, यावर परवाच्या बैठकीत तू पाऊण तास बोललास. शिक्षक कमी, पालक बेफिकीर. खरे कारण माझ्या कपाटात आहे. तीन वर्षांपूर्वी तिसरीच्या मुलांच्या वाचन-चाचणीत शेकडा शेहेचाळीस मुलांना उतारा वाचता आला. तुझी बढती तोंडावर आली होती. चार खोडून तू सात केलेस आणि म्हणालास, "एका आकड्यानं काय आभाळ कोसळतंय? सही कर, कॉमर्सवाल्या." मी केली. खात्याची रीत अशी, की निकालात दहा मिळवून उद्दिष्ट ठरवायचे आणि ते गाठो वा चुको, दर वर्षी त्यात आणखी दहा मिळवायचे. शहात्तरचे शहाऐंशी झाले, मग शहाण्णव. यंदा उद्दिष्ट निघाले एकशे सहा टक्के. बैठकीत कोणीही हसले नाही.

शाळांनी आपला मार्ग शोधला. उतारा दर वर्षी तोच, म्हणून तो पाठच करून घेतला. एका आदर्श शाळेत कागद उलटा धरून घडाघडा वाचणारी मुलगी मी पाहिली आणि तिला उत्तीर्ण लिहिले.

एका मुख्याध्यापिकेने मात्र पाठांतर करून घेतले नाही. तिने अडतीसपैकी सतरा कळवले. ती माझी बहीण; तिला तूही ताईच म्हणायचास. परीक्षेच्या दिवसांत तिच्याच घरी आपण जेवत होतो. तिच्या सेवापुस्तकात तू "कामात कसूर" असा शेरा मारलास. मी तुझ्या दालनात आलो, तेव्हा मान वर न करता म्हणालास, "सगळे करतात तसं करायचं होतं तिनं. एवढा ताठा कशाला?" ताईने मुदतीआधी निवृत्ती घेतली. भाजीला जातानाही ती शाळेचा रस्ता टाळते, लांबच्या गल्लीने जाते. मला विचारते, "मोजण्यात माझंच चुकलं का रे?" मला माझी सही आठवते.

गेल्या आठवड्यात बाहेरची तपासणी समिती आली. शाळा आणि उतारा निवडण्याचे काम तू विश्वासाने माझ्याकडे दिलेस. मी तुझ्याच यादीतल्या आदर्श शाळा निवडल्या आणि उतारा नवा दिला. काही मुले कागदाकडे पाहत राहिली, काही जुनाच उतारा म्हणू लागली. त्यांच्यासाठी वाईट वाटले, तुझ्यासाठी नाही. शेकडा एकेचाळीस. त्याखाली सही माझी आहे. आकडा सरकणार नाही.

तुझे दालन माझ्या टेबलापासून चौदा पावलांवर आहे. हे पत्र हातात देता आले असते. ते मी मुद्दाम आवक टपालात टाकत आहे, सोबत तो खाडाखोडीचा मूळ कागद. समिती असेपर्यंत शिक्का बसलेले प्रत्येक टपाल आधी तिच्यापुढे जाते. ते परिपत्रक तूच काढलेस. म्हणजे तुझ्याआधी हे त्यांनी वाचलेले असेल. घाबरून तू ताईचा शेरा काढशील. जरूर काढ, पण त्याच्या बदल्यात माझ्याकडून काही मिळणार नाही. त्या कागदावर तुझ्या साताखाली माझी सही आहे, तेव्हा नोकरी माझीही जाईल. मी खण रिकामा केला आहे. तूही करून घे.

शिक्का बसेपर्यंत तुझाच,
सांख्यिकी अधिकारी