निळ्या नवऱ्या

६ एप्रिल, रविवार

विठ्ठलराव अल्बम परत घेऊन आले! दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. टेबलावर अल्बम उघडून हळदीच्या पानावर बोट ठेवलं — "भीमराज, माह्या पोरीले हळद लावली का राख फासली?"

मी नागपूरच्या लॅबवर ढकललं. छपाईत फरक पडतो म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाच काही कळेना. मला त्या पानावर हळद पिवळीधमक दिसत होती!

तीस वर्षं झाली राजुरात लग्नाचे फोटो काढतोय. कोळशाच्या धुळीत कॅमेरे चालवले, कधी कुणी बोट ठेवलं नाही. आणि या हंगामातली ही तिसरी तक्रार.

९ एप्रिल

लेन्स पुसली. तीनदा. काल मुकुटबनच्या मांडवात प्रत्येक बल्बभोवती उजेडाची झालर दिसत होती. धूळ, दुसरं काय! गंमत म्हणजे फोटोत झालर आलीच नाही. कॅमेरासुद्धा लहरी झालाय.

१३ एप्रिल

१८ मेला लेकीचं, साधनाचं लग्न, म्हणून घर रंगवायला काढलंय. रंगाऱ्याशी भांडलो. पांढरा सांगितला, पठ्ठ्यानं पिवळसर मारला! वर शपथा घेतोय. सत्यशीला मध्ये पडली — "जाऊ द्या नं जी, पांढराच तं हाय." बायको रंगाऱ्याच्या बाजूनं! उद्या भीमजयंती आहे म्हणून गप्प बसलो, नाहीतर पुन्हा मारायला लावला असता.

१५ एप्रिल

जेवताना साधना म्हणाली, "बाबा, माह्या लग्नात तुमी कॅमेरा नका धरू. अक्षयले सांगू."

अक्षय म्हणजे वणीचा फोटोग्राफर. माझ्या निम्म्या वयाचा, छत्र्यांसारखे दिवे घेऊन हिंडतो.

"काहून?" मी विचारलं.

"बाप आहा नं तुमी. मांडवात निवांत बसा."

खोटं बोलत होती, तोंडावर दिसत होतं. तिला माझ्या फोटोंची लाज वाटते. ही पोरगी माझ्या दुकानात वाढली. कॉलेजात होती तेव्हापासून संगणकावर अल्बम तीच लावायची. दिवाळीनंतर शाळेत नोकरी लागली, तेव्हापासून ते कामही मीच करतो. आणि आता स्वतःच्या लग्नात बापाचा कॅमेरा नको! फार लागलं. भाकरी अर्धी टाकून उठलो. मग परत येऊन बसलो आणि खाल्ली, कारण झुणका चांगला झाला होता.

१६ एप्रिल

ठरलं! महिना आहे हातात. लायटिंग सुधारायचं, साधनाला दाखवायचं, आणि तिच्या लग्नाचे फोटो मीच काढायचे.

आम्हा बौद्धांच्या लग्नात फोटोग्राफरचा जीव जातो तो पांढऱ्यामुळे. नवरीची साडी पांढरी, नवरदेवाचे कपडे पांढरे, मागचा पडदाही पांढरा. एवढं पांढरं समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. म्हणून आपण उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचा. हे मी कुणाला न विचारता शिकलो. हल्ली एकानं भागत नाही. दोन वाढवतो. साडी शुभ्र दिसेपर्यंत वाढवायचं, सोडायचं नाही!

२० एप्रिल, रविवार

पांढरकवड्याला धम्मरत्नच्या मुलीचं लग्न. आज प्रयोग केला. फ्लॅश सरळ तोंडावर न मारता छताकडे मारायचा, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. छत कसलं — लाल कापड! पहिल्या दहा फोटोंत अख्खं वऱ्हाड टोमॅटो!

मग थर्माकोलचा मोठा तुकडा आणला आणि त्यावर फ्लॅश मारला. तो धरायला नवरीची आजी सुखीबाई स्वतः पुढे आली. "मले बी काम द्या नं जी, कवाची बसून राह्यली." धरला तर असा धरला की हलली नाही! त्रिशरण-पंचशील सुरू झाल्यावर मी फ्लॅश बंद करतो, ती माझी जुनी शिस्त. पूर्वेकडची कनात वर गुंडाळली, सकाळचं ऊन आत आलं. त्या उजेडात नवरी काय दिसत होती!

घरी येऊन संगणकावर साडीतली पिवळी झाक तेवढी काढली. आता बघतो कोण नावं ठेवतं ते.

२२ एप्रिल

सत्यशीलाला फोटो दाखवले.

"नीळ जास्त झाली जी."

काय?

"साडीले नीळ जास्त झाली. नवरीचं तोंड बी निळं. कुठं कुठं तं साडीचा काठच दिसून नाई राह्यला."

साधनानं एक नजर टाकली आणि उठून आत गेली. मी दुकानात जाऊन बसलो.

२४ एप्रिल

मान खाली घातली आणि अक्षयला बोलावलं. आला बिचारा, एका शब्दानं चिडवलं नाही.

"काका, उजेड डोळ्यानं नका मोजू. ग्राफ पाहा." हा ग्राफ कॅमेऱ्याच्या पडद्यावरच असतो — काळं डावीकडे, पांढरं उजवीकडे. इतकी वर्षं मी त्याला शोभेची वस्तू समजत होतो! माझ्या फोटोचा ग्राफ सगळा उजव्या कडेला जाऊन चिकटलेला. "म्हंजे उजेड लय झाला काका, साडीची नक्षी उडाली."

मी म्हटलं, बाबा, मला तर फोटो अजून काळपटच दिसतो.

त्यानं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. मग विचारलं, "काका, ही भित कोन्त्या रंगाची हाय?"

"पिवळसर. रंगाऱ्यानं फसवलं."

सत्यशीला चहा घेऊन दारात उभी. "पांढरी हाय! किती डाव सांगू?"

अक्षयनं मला आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. डाव्यानं भिंत थोडीफार पांढरी. उजव्यानं जुन्या वर्तमानपत्रासारखी. उजवा म्हणजे मी कॅमेऱ्याला लावतो तो.

२६ एप्रिल

वणी. मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. बल्बांच्या झालरीही त्याच्याच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन-चार वर्षं तरी झाली असतील. फोटोग्राफर असून कळलं नाही?"

म्हटलं, बाई, मी लेन्स पुसत बसलो होतो.

२९ एप्रिल

उजव्याचं ऑपरेशन झालं. लिहायचं नाही म्हणून बजावलंय. म्हणून एवढंच.

७ मे

काय सांगू! आभाळ इतकं निळं असतं हे मी विसरलोच होतो. सत्यशीलाची तपकिरी साडी जांभळी निघाली! मी आजवर तपकिरी म्हणत आलो, ही एकदा तरी बोलली का? "म्हटलं, गमतीनं म्हणत असान." रंगाऱ्याला बोलावून चहा पाजला, माफी मागितली. तो लेकाचा म्हणतो, "आता दुसरा डोळा बी रंगवून घ्या."

संध्याकाळी साधनाला लग्नाची साडी नेसायला लावून दारात उभं केलं. फ्लॅश नाही, बाहेरचा उजेड एका बाजूनं, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. ग्राफ पाहिला, उजवीकडे बोटभर जागा सोडली. पांढऱ्यावरचा पांढरा दोरासुद्धा मोजून घ्यावा असा आला! आणि चेहऱ्याचा रंग तिचा तिचाच.

तिनं फोटो मोठा करून साडीचा काठ पाहिला. "बाबा," म्हणाली, "लग्नात तुमीच काढा."

जिंकलो!

११ मे

तीन-चार वर्षं म्हणे! आज मुद्दाम दुकानातले जुने अल्बम काढून पाहिले, तीन वर्षांतले सगळे. हळद पिवळी, साड्या पांढऱ्या, एकही पान वावगं नाही. म्हणजे डोळा यंदाच बिघडला. डॉक्टरीणबाई चुकल्या. मोठ्या लोकांचंही चुकतं. मनातून फार बरं वाटलं, दोन वेळा चहा घेतला.

१४ मे

संगणकात एका गिऱ्हाइकासाठी तीन वर्षांपूर्वीचं लग्न शोधत होतो. कॅमेऱ्यातच माझ्या डोळ्याला पांढरं दिसेल असा रंग जुळवून मी काढलेले मूळ फोटो उघडले. नवरी निळी. दुसरं लग्न उघडलं, तीही निळी. सगळ्या निळ्या. प्रत्येक लग्नाला साधनाचा आणखी एक फोल्डर, त्यात तेच फोटो एकेक करून दुरुस्त केलेले. अल्बमात छापलेले हेच. शेवटचा फोल्डर दिवाळीचा.

तिला वाटलं असणार, बापाचा हात गेला, सांगायचं कसं? एका शब्दानं बोलली नाही. आणि तिला माझ्या फोटोंची लाज वाटते असं मी याच वहीत लिहून ठेवलंय. कॅमेरा नको म्हणाली ती याचसाठी: तिच्या लग्नाचे फोटो दुरुस्त करायला ती या घरात असणार नव्हती.